बटणबाईची जीभ

सोमवार, ५

ही डायरी कापडाच्या एजंटनं नवीन वर्षाला दिली होती. आजवर कापायच्या टेबलाचा डुगडुगणारा पाय टेकवायला उपयोगी पडली. आज तिथे पुठ्ठा घातला आणि ही काढून घेतली, कारण बायको म्हणाली, "मास्तर, तुमची टकळी आता कागदावर चालवा. माझे कान किटले." मी शिंपी, म्हणून गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणतात ते आदरानं. ही म्हणते ते चिडली की.

झालं असं. आमच्या मुलीला महिना होत आला. तिचं नाव काही ठरत नाही, तोवर मी बटणबाई म्हणतो, कारण तोंड मिटलं की शर्टाच्या बटणाएवढंच दिसतं. आज तिला मुलांच्या डॉक्टरांकडे नेली. वजन हवं तसं वाढलेलं नाही. डॉक्टरांनी बोटानं तिची जीभ उचलून बघितली आणि म्हणाल्या, "जिभेखालचा पडदा आखूड आहे. टंग-टाय म्हणतात याला. बऱ्याच मुलांना असतो, सगळ्यांचा कापावा लागत नाही. पिणं नीट होतंय का, त्यावर ठरवायचं." मग हिला विचारलं, "पाजताना दुखतं का हो?"

मी म्हटलं, "छे, छान पिते. तास तास सोडत नाही."

डॉक्टर तरी हिच्याकडेच बघत राहिल्या. ही आपली चपलेकडे बघत होती. मग डॉक्टर म्हणाल्या, पंधरा दिवसांनी या, वजन बघू. पाजण्याचं शिकवणाऱ्या सिस्टर असतात, त्यांनाही बोलावते, मग कापायचं की नाही ते ठरवू.

कापायचं. हा शब्द मी दिवसभर तोंडात घोळवतो. आज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला, तोही बटणबाईच्या जिभेसाठी.

बुधवार, ७

आईला सांगितलं. मला वाटलं घाबरेल. तर म्हणाली, "त्यात काय एवढं? तुझीही तशीच होती. सुईणीनं अंघोळ घालता घालता करंगळीच्या नखानं तोडली. मला नंतर सांगितलं."

"नखानं? रक्त नाही आलं?"

"आलं असेल थोडं. रडलास, मग प्यालास. तिनं जरा जास्तच तोडली वाटतं, तेव्हापासून तुझी जीभ थांबलेली नाही."

बायको हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग बटणबाई कुरकुरायला लागली तशी हिचं हसू गेलं आणि तिला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं. हल्ली पाजताना दार लोटते. आई म्हणते, पहिलटकरणीचं असंच असतं.

दुकानात आल्यावर गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून ट्रायलच्या खोलीत आरशासमोर उभं राहून स्वतःची जीभ उचलून बघितली. तिथे नखाची खूण वगैरे काही नाही. तेवढ्यात शेजारचा चष्मेवाला चहा घेऊन आला. मी आरशाला जीभ दाखवतोय हे बघून त्यानं कप ठेवला आणि परत निघाला. त्याला बसवून सगळं सांगितलं. त्याच्या साडूच्या मोठ्या मुलाची जीभ कापली होती, तरी त्याला र म्हणता येत नाही. धाकट्याची कापली नाही, तो वकील आहे. आता यातून माणसानं काय समजायचं?

शुक्रवार, ९

एका निवृत्त हेडमास्तरांच्या कोटाची ट्रायल होती. सून बरोबर आली होती. मी विचारलं, "सर, कुठे टोचतंय, कुठे काचतंय?" सून म्हणाली, "छान बसलाय, खांद्याला अगदी बरोबर." मी म्हटलं, "ताई, कोट तुम्ही घालणार का? जो घालणार त्याला बोलू दे." सर आधी काही बोलेनात. मी टाचण्या तोंडात धरून उभा राहिलो. एवढ्या वर्षांत हे शिकलोय, की तोंडात टाचण्या असल्या की आपण बोलत नाही आणि मग समोरचा बोलतो. शेवटी सर म्हणाले, "काखेत जरा काचतंय. राहू द्या म्हटलं, तुम्हाला कशाला पुन्हा त्रास." काख उसवून पाव इंच सोडली. त्यांनी दोन्ही हात वर करून बघितले आणि लहान मुलासारखे हसले. सुनेला म्हटलं, बघा.

घरी हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, "मलमलचे तुकडे आहेत का दुकानात? चिंध्या चालतील, पण मऊ हव्यात." कशाला ते सांगितलं नाही.

शनिवार, १०

मलमलचे चांगले हातरुमालाएवढे तुकडे कापले आणि चारी बाजूंनी बारीक कड दुमडून शिवून नेले. ही म्हणाली, "कडा उसवून द्या, टोचतात." माझी कड टोचते. या हातच्या कडेबद्दल आजवर कुणी ब्र काढला नव्हता. उसवून दिल्या. न बोलता उसवल्या, म्हणजे किती लागलं असेल मला.

आणखी एक भानगड. आतल्या खोलीतल्या उशीच्या अभ्र्याची कड कुरतडलेली दिसली. दोन ठिकाणी धागे निघालेत, टीप तुटलीय, आणि हात लावला तर ओलसर. उंदीर झालेत. तान्ही पोर आहे त्या खोलीत उंदीर. ही म्हणाली, "असू दे, मी धुते." असू दे कसं? उद्याच पिंजरा आणतो.

सोमवार, १२

एका गिऱ्हाइकानं पत्ता दिला म्हणून जबड्याच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. एकटाच गेलो, बटणबाईच्या जिभेचा मोबाइलवर फोटो काढून नेला. फोटोत निम्मा माझा अंगठाच होता, तरी त्यांनी बघितल्या बघितल्या सांगितलं, कापायला हवी, लेझरनं करू, आठवडाभरात या. नाही कापली तर काय, असं विचारलं. तर बोलणं अडखळेल, दात वेडेवाकडे येतील, घोरेल, मान दुखेल, शाळेत लक्ष लागणार नाही. भिंतीवर टीव्हीवर पोरांची तोंडं आधी आणि नंतर दाखवत होते. सगळी पोरं नंतरच्या फोटोत हसत होती. परत येताना रस्त्यावर जो भेटेल त्याच्या बोलण्याकडे कान लावत आलो, कोण कुठे अडखळतंय ते.

घरी येऊन म्हटलं, कापायची. संध्याकाळी चुलतभावाचा फोन आला. त्यानं कुणाचं तरी रक्त थांबलं नव्हतं असं ऐकलंय. झालं, लगेच म्हटलं, नाही कापायची. ही पोरीला खांद्यावर घेऊन खिडकीशी उभी होती. म्हणाली, "तुमचं एकदा नक्की झालं की सांगा."

"तुला काय वाटतं?" मी विचारलं, आणि हिनं उत्तर द्यायच्या आत तिला मान दुखण्याचं, घोरण्याचं, वकील झालेल्या मुलाचं सगळं परत सांगत बसलो. मधेच ही आत गेली.

पिंजरा लावलाय. पोळीचा तुकडा अडकवलाय.

बुधवार, १४

पिंजरा रिकामा. अभ्रा बदलला होता, त्याचीही कड कुरतडलेली. हुशार उंदीर दिसतोय, पोळीला शिवत नाही आणि सुती कापड खातो. म्हणून पिंजरा पलंगाच्या पायाशी सरकवला. बायकोचा पाय त्याला लागला तर केवढी ओरडली माझ्यावर. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. एवढ्यातेवढ्यावरून रडणारी नव्हे ही. जेवणही कमी झालंय. पोरगी तासभर ओढते, मग झोपते, आणि अर्ध्या तासात पुन्हा उठून बोंब मारते. आई म्हणते, दूध कमी पडतंय, पावडरचा डबा आणा. ही म्हणते, दूध भरपूर आहे. मग ते जातं कुठे? मला काही कळेनासं झालंय. दुकानात आज एका पँटची डावी बाजू उजव्या मापानं कापली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

सगळं त्या पडद्यावर येऊन अडतं. बारीकसा तर आहे. मी तो फोटो इतक्या वेळा बघितलाय की डोळे मिटले तरी दिसतो.

गुरुवार, १५

हे पान फाडून टाकीन बहुतेक.

सकाळी दुकानात काजाची छोटी कात्री धार लावून घेतली. मग चहाच्या भांड्यात पाणी घेऊन ती उकळली. का उकळतोय हे मी स्वतःलाही विचारलं नाही. स्वच्छ कपड्यात गुंडाळून शर्टाच्या खिशात ठेवली. दुपारी जेवायला घरी आलो तेव्हा आई झोपली होती आणि ही अंघोळीला गेली होती. बटणबाई पाळण्यात रडत होती. रडताना तोंड एवढं उघडतं की जीभ मध्ये खाच पडल्यासारखी दिसते आणि खाली तो पडदा, अस्तराच्या कापडाइतका पातळ. सुईणीनं नखानं केलं. माझ्या हातून तर रेशमाचा एक धागा दुसऱ्याला न लागता निघतो.

डाव्या हाताची करंगळी मी तिच्या तोंडात घातली, जीभ उचलायला. उजवा हात खिशावर होता. ती रडायची थांबली. बोट चोखायला लागली. आणि हिरड्यांनी असं दाबलं, असं चावलं, की मी हात ओढूनच घेतला. एवढीशी पोर, दात नाहीत तोंडात, आणि बोट चेचल्यासारखं ठणकायला लागलं. जोर आहे पोरीत. त्यातल्या त्यात तेवढंच बरं वाटलं.

मग माझा उजवा हात कुठे आहे ते मला दिसलं. स्वयंपाकघरात जाऊन जमिनीवर बसलो. न्हाणीघराचं दार वाजलं तेव्हा उठलो, न जेवता दुकानात आलो. कात्री टेबलाच्या खणात अगदी मागे टाकलीय. आज कुणाशी काही बोललो नाही. चष्मेवाल्यानं दोनदा येऊन विचारलं, बरं नाही का.

शनिवार, १७

अकराच्या सुमाराला दुकान चष्मेवाल्याच्या भरवशावर टाकून घरी आलो. पिंजऱ्यात काही सापडलंय का बघायचं होतं. खरं म्हणजे गुरुवारपासून पोरीला बघितल्याशिवाय चैन पडत नाही. आतलं दार लोटलेलं होतं. मी आवाज न करता ढकललं, उंदीर पळेल म्हणून.

ही पलंगावर बसली होती, बटणबाई छातीशी. आणि उशीची कड हिच्या दातांत होती. डोळे घट्ट मिटलेले, मान ताठ, पायाची बोटं आखडून चादरीत रुतलेली. तोंडातून आवाज नाही. मांडीवर माझा मलमलचा तुकडा होता आणि त्याला रक्त लागलेलं होतं.

तिनं डोळे उघडले. उशी तोंडातून काढली आणि कड पुसली, मी रागावेन म्हणून असेल.

मी म्हटलं, "उंदीर नाहीत ना घरात."

"नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"कधी बोलू? डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही सांगितलंत छान पिते. चष्मेवाल्याला विचारलंत, चुलतभावाला विचारलंत, त्या जबड्यावाल्याला जाऊन फोटो दाखवलात. आई म्हणाल्या पहिल्या महिन्यात सगळ्यांनाच दुखतं. मग मला वाटलं, मीच नाजूक असेन." मग म्हणाली, "आणि मी दुखतंय म्हटलं असतं तर तुम्ही कापा म्हणाला असतात. मला सहन होत नाही म्हणून पोरीच्या तोंडात कात्री घालायची? आई असून?"

कात्री म्हटल्यावर मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. सांगून टाकावं असं मनात आलं. नाही सांगितलं.

मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. तोंडातून निघालं ते दुकानातलंच. "कुठे टोचतंय?"

ती हसायला लागली आणि हसता हसता रडायला लागली. मग बोलली. धरताना सुरी फिरवल्यासारखं होतं. मग पोरगी नुसती हिरड्यांनी चावत बसते, तिच्या तोंडात दूध येतच नाही नीट, म्हणून तासभर सोडत नाही. पुढची वेळ जवळ आली की हिच्या अंगावर काटा येतो. परवा पोरगी रडली तर क्षणभर उठूच नये असं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच हिला जास्त भीती वाटली. मी मधे बोललो नाही. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी नाही बोललो. करंगळी अजून ठणकत होती.

आई दारात येऊन उभी होती. किती ऐकलं कुणास ठाऊक. नंतर हिच्यासाठी दूध गरम करून घेऊन आली आणि म्हणाली, "माझ्या वेळी मला कुणी विचारलंच नव्हतं गं, म्हणून मलाही सुचलं नाही."

सोमवार, १९

डॉक्टरांकडे गेलो. वजन जेमतेम हललंय. सिस्टर ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी विचारलं, "दुखतं का?" माझं तोंड उघडलं होतं. मिटलं. हिनं सगळं सांगितलं, मलमलचा तुकडाही काढून दाखवला.

सिस्टरांनी खूप वेळ बसून पाजताना बघितलं. पोरीला तिरकी धरायला लावली, हनुवटी आधी टेकवायला लावली. थोडा फरक पडला. "पण अजून चावतेय," ही म्हणाली. डॉक्टरांनी जीभ पुन्हा तपासली. म्हणाल्या, "अजून आठवडाभर असं करून बघता येईल, नाहीतर आज पडदा सोडवता येईल. बोलण्याचं, दातांचं आज कुणीच सांगू शकणार नाही, त्यासाठी मी कापणार नाही. पिण्यासाठी कापीन. आणि कापल्यावर लगेच सगळं ठीक होईल असंही नाही."

"मला दुखतं म्हणून कापायचं?" हिनं विचारलं.

"तुम्हाला दुखतं कारण तिला नीट धरता येत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "ही काय दोन वेगळी दुखणी आहेत?"

मग सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. माझ्याकडे बोलण्यासारखं पोतंभर होतं. रक्ताचं, नखाचं, वकिलाचं. मी म्हटलं, "जी पाजते तिला विचारा."

हिनं पोरीच्या तोंडाकडे बघितलं. एकदा नको म्हणाली. मग पोरीनं पुन्हा तोंड लावलं, हिचे खांदे कानापर्यंत वर गेले, आणि ही म्हणाली, "कापा. आजच कापा. नाहीतर घरी जाऊन माझा धीर सुटेल."

डॉक्टरांनी विचारलं, घराण्यात कुणाचं रक्त लवकर थांबत नाही असं आहे का. नाही म्हणालो. सिस्टरांनी बटणबाईला चादरीत घट्ट गुंडाळलं आणि मला डोकं धरायला सांगितलं. मी नुसते हात टेकवले. सिस्टर म्हणाल्या, "घट्ट धरा, मायेनं धरा, पण घट्ट." डॉक्टरांची कात्री बोथट टोकाची होती, माझ्या काजाच्या कात्रीसारखी टोकदार नव्हती. जिभेखाली त्यांनी एक खाचेची पट्टी सरकवली, जीभ वर, आजूबाजूचं सगळं बाजूला. एवढं सगळं लागतं हे मला कुठे माहीत होतं. माझ्या कात्रीचं टोक खाली कुठे गेलं असतं, ते मी बघितलं. पुढे विचार करवेना.

कापलेलं मला कळलंही नाही. पोर किंचाळली, कापसावर थोडं लाल दिसलं, आणि तिला लगेच हिच्या छातीशी दिलं. मी त्या कापसाकडे बघत बसलो, लाल वाढतंय का ते. वाढलं नाही.

"कसं वाटतंय?" सिस्टरांनी विचारलं. हिला.

ही म्हणाली, "थांबा." मग बऱ्याच वेळानं म्हणाली, "दुखतंय. पण ती गिळतेय. ऐकू येतंय."

रविवार, २५

मधले दिवस लिहायला बसलो नाही. दोन दिवस पोरगी फार चिडचिडी होती. मी दर थोड्या वेळानं तिचं तोंड उघडून बघायचो, शेवटी आईनं हाताला धरून मला खोलीबाहेर काढलं. हिच्या जखमा भरतायत. पहिल्यांदा तोंड लावताना अजून कळ येते, मग ओसरते, असं ती म्हणाली. मी न विचारता म्हणाली. वजन उद्या बघायचंय. जीव अजून टांगणीलाच आहे, पण रात्री झोप लागते. र म्हणता येईल की नाही ते तिचं तिला कळेल.

ती कात्री मी खणातून काढली. धार लावणाऱ्याकडे नेली आणि तिची टोकं घासून बोथट करून आणली. तो म्हणाला, आता हिनं काज कापता येणार नाही. मी म्हटलं, माहीत आहे. बायकोला मात्र गुरुवारचं अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. आज सांगणार होतो.

दुपारी घरी गेलो. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. ही पाजत होती आणि आईशी काहीतरी गप्पा मारत होती, कुणाच्या तरी लग्नातल्या रुसव्याफुगव्याच्या. मला बघून म्हणाली, "मास्तर, ही उशी जरा पाठीमागे सरकवा." मी उशी उचलली. सरकवण्याआधी सवयीनं अभ्र्याची कड बोटांनी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

कोरडी होती.